मामा रविवारी करवत घेऊन येतोय, बाण कापू द्यायचे का?

गिरणीवाली_फलटण

नमस्कार मंडळी. मी तिरंदाजीतली नाही, पिठाची गिरणी चालवते. प्रश्न अडाणी वाटला तर हसा, पण उत्तर रविवारच्या आत द्या.

लेक चौदा वर्षांची, नववीत. शाळेत वर्षभर इंडियन राउंड खेळली, बांबूच्या धनुष्यावर. प्रवीण जाधव आमच्याच तालुक्यातल्या सरडे गावचे, दोनदा ऑलिंपिक खेळून आलेले. त्यात २०२३ ला साताऱ्याच्या अदिती स्वामीनं बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेही सतराव्या वर्षी. तेव्हापासून आमचीनं जेवताना-झोपताना एकच धोशा लावला होता. अदितीसारखं चाकांचं कंपाउंड धनुष्य आपल्याला झेपणार नव्हतं, म्हणून दिवाळीत भिशी उचलली आणि टोकं वळलेलं रिकर्व्ह घेतलं. २५ इंची रायझर म्हणजे मधली मूठ, शॉर्ट लिम्ब्स म्हणजे वरखालच्या पात्या, मिळून ६६ इंच. लिम्बवर २४ पाउंड छापलंय.

धनुष्य सरांनी निवडून दिलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाण मात्र मी एकटी जाऊन आणले आणि तिथंच माशी शिंकली. दुकानदार म्हणाला, "ताई, ६०० चे कार्बन घ्या. पोरगी वाढती आहे, पुढंही चालतील." मला पटलं. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तसा हिशेब केला आणि डझनभर बाण उचलले. ३० इंच लांब, न कापलेले, पुढं ८० ग्रेनचा पॉइंट.

आता झालंय असं, की सगळे बाण डावीकडं जातात. पोरगी उजव्या हातानं ओढते. १८ मीटरवर पिवळ्यावर नेम धरला तरी बाण डावीकडं काळ्यात. नेम धरायची साइट डावीकडं सरकवत सरकवत पार टोकाला आली. शिवाय बाण सुटताना "टक्" असा आवाज येतो, आणि बाण टेकवायच्या रेस्टची तार दोनदा वाकली. पोरगी म्हणते माझंच काहीतरी चुकतंय. परवा बटरेससमोरच, बाण रुततात त्या गादीसमोर, रडली.

सर महिनाभर स्पर्धेच्या पोरांबरोबर बाहेर आहेत. फोनवर "आल्यावर बघतो" म्हणाले. इकडं माझा भाऊ आयटीआयचा फिटर. त्यानं बाण हातात घेतला, हलवून बघितला आणि निकाल दिला: "लांब आहेत म्हणून शेपटी हलते. तीन इंच उडवले की सरळ जातील." नवऱ्यानं मान डोलावली. रविवारी करवत येणार आहे.

मला आतून वाटतंय की थांबावं. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही, एवढं शिवणकामात शिकलेय. ते ६०० म्हणजे नक्की काय? २४ पाउंडाला कुठला बाण लागतो? दुकानदार परत घेत नाही म्हणालाय.

घाटावरचा_बंड्या

कापा बिनधास्त. आमच्या अकॅडमीत सगळे कापूनच वापरतात. आणि ६०० म्हणजे बाणाची ताकद. २४ पाउंडाला ६०० म्हणजे दणकट आहे, मोडणार नाही. ९०० चा घेतला असता तर अजून दणकट.

तिरकमठा

ताई, करवत लांब ठेवा. बंड्या, तू आकडा उलटा वाचतोयस भावा. आणि तुमच्या अकॅडमीत कापतात ते पोराचं माप ठरल्यावर.

मी अमरावतीकडचा. स्पर्धा सोडून बरीच वर्षं झाली, आता पोरांची धनुष्यं लावून देतो. दर वर्षी दिवाळीनंतर तुमच्यासारख्या चार-पाच तक्रारी येतातच.

६०० ही ताकद नाही, वाक आहे. बाणाची काडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि ती किती खाली झुकते ते इंचाच्या हजारांशात मोजायचं. ०.६०० इंच झुकली तर ६०० स्पाइन. पूर्ण एक इंच झुकली तर १०००. म्हणजे आकडा मोठा तसा बाण मऊ. बंड्याचा ९०० वाला ६०० पेक्षा लेचापेचा असतो.

आता कापण्याचं. कपडे वाळत घालायची लांब काठी मधे वाकते, तिचाच हातभर तुकडा वाकवून दाखवा बरं. बाण कापला की तो आणखी कडक होतो. आणि तुमच्या लेकीचा त्रास हाच आहे, की बाण तिच्यासाठी आधीच फार कडक आहेत. मामांनी तीन इंच उडवले तर उरलेसुरले बाणही हातचे जातील. शिवाय लोखंड कापायच्या करवतीनं कार्बन कापला की त्याचे तंतू उसवतात. तो जोरात फिरणाऱ्या घासणाऱ्या चकतीवर कापतात, तोंडाला मास्क लावून, कारण ती भुकटी छातीत जाणं वाईट.

डावीकडं का जातात ते सांगतो. बोटांनी सोडलेली दोरी सरळ पुढं येत नाही. बोटांवरून घरंगळताना थोडी आडवी सरकते. मागून असा धक्का आणि पुढं पॉइंटचं वजन, म्हणून बाण सुटल्या सुटल्या मधे वाकतो आणि मासा पाण्यात पळतो तसा वळवळत रायझरच्या कडेनं निघतो. वाक बरोबर असेल तर शेपूट रायझरला न लागता बाहेर पडते. बाण कडक असेल तर तो वाकतच नाही, अंग बटणावर, म्हणजे रायझरमधून बाणाला बाजूनं टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीवर, आपटतं, आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडं फेकला जातो. तुमचा "टक्" तोच असणार. पोरीला आज रात्रीच सांगा, की चूक तिची नाही.

दुसरी गोष्ट, २४ पाउंड हा तिचा आकडा नाहीच. तो २८ इंच ओढल्यावरचा छापील आकडा, तोही २५ इंची रायझरवरचा. तीच लिम्ब्स २३ इंचीवर चढवली तर साधारण दोन पाउंड वाढतात, म्हणून बऱ्याच लिम्बवर दोन आकडे छापलेले असतात. चौदा वर्षांची पोर २८ इंच ओढत नाही. एक इंच कमी ओढलं की एवढ्या हलक्या लिम्ब्सवर सव्वा-दीड पाउंड कमी होतो. चाळीस पाउंडाच्या धनुष्यावर दोनेक.

तेव्हा आधी पोरीचं माप घ्या, बाणाचं नंतर. तिला बाण लावून नेहमीसारखं हनुवटीपर्यंत ओढू द्या, समोर बटरेस हवंच. तुम्ही बाजूनं बाणावर बटणाच्या बरोबर वर स्केचपेननं खूण करा. घाई नको, तीनदा करा आणि तिन्ही जुळतात का बघा. नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच, ही तिची ड्रॉ लेंथ. मग हुकाचा वजनकाटा दोरीला अडकवून धनुष्य त्याच खुणेपर्यंत ओढा आणि काटा वाचा. किलोला २.२ नं गुणलं की पाउंड. ओढलेली दोरी बाणाशिवाय सोडायची नाही, हळूहळू परत आणायची. मोकळी सुटली तर लिम्ब्स फुटतात.

अजून एक पारख. देवघरातलं कोरडं कुंकू पिसांना चोळा आणि तिला एक बाण मारू द्या. रायझरवर, बटणावर कुठं लाल उमटतं ते बघा. लोक लिपस्टिक वापरतात, पण कुंकू पुसायला सोपं.

आकडे इथं टाका, मग स्पाइन बोलू. तोवर मामांना चहा पाजा.

कंपाउंडवाला_नागपूर

तिरकमठा बरोबर सांगतायत. मी फक्त एवढंच म्हणेन, की बाण निवडायचा कंपाउंडचा चार्ट उघडून बघू नका. आम्ही दोरी बोटांनी नाही, रिलीज नावाच्या चापानं सोडतो, त्यामुळं ती आडवी सरकत नाही आणि त्याच पाउंडाला आकडे वेगळे येतात. मागच्या वर्षी एका काकांनी पोराच्या रिकर्व्हला माझ्या चार्टवरून बाण घेतले आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ताई, बाण रायझरवर आपटत असतील तर प्रत्येक कार्बन बाण तपासा. दोन्ही टोकं धरून, कानाजवळ नेऊन हलकासा वाकवायचा, थोडा फिरवायचा, परत वाकवायचा. करकर ऐकू आली की तो बाण मोडून टाका, उद्या कुणी चुकून उचलू नये म्हणून. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या कामट्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. मी फोटो बघितलेत, इथं टाकत नाही.

गिरणीवाली_फलटण

दादा, दोघांचे आभार. मामाला थोपवलंय. तो जरा रुसलाय, पण त्याला कामाला लावलं.

मापं घेतली. नॉकपासून खुणेपर्यंत पावणेचोवीस इंच, तीनदा घेतलं, दोनदा तंतोतंत आलं आणि एकदा सुतभर जास्त. पावणेदोन मिळवले, साडेपंचवीस. वजनासाठी गिरणीतला मोठा काटा उपयोगाचा नव्हता, तो पोत्यांचा. नणंदेकडून विमानाच्या बॅगा मोजायचा हातातला काटा आणला. मामानं ओढलं, मी वाचलं: ९.३ किलो. म्हणजे साडेवीस पाउंड. चोवीस कुठं राहिलं?

मग तुमची ती ८८० ग्रॅमवाली गोष्ट डोक्यातून जाईना. गिरणीत वजनं आहेतच. ५००, २००, १००, ५०, २०, १०, बेरीज बरोबर ८८०. जणू आमच्याच ट्रेवरून कुणी ठरवलंय. मागच्या खोलीत फळीवर दोन खिळे ठोकले, २८ इंचांवर, म्हणजे ७१ सेंटिमीटर आणि वर एखादा मिलिमीटर. बाण आडवा ठेवला, मधोमध वजनांची पिशवी लटकवली. पिशवीच १० ग्रॅम भरली, म्हणून १० चं वजन काढून ठेवलं. पोरीनं कंपासपेटीतली पट्टी उभी धरली. पहिला बाण १५ मिलिमीटर झुकला. दुसरा १५. तिसरा पंधराला जरा वर. मी ०.६०० इंचाचे मिलिमीटर काढले तर १५.२. पोरगी ओरडलीच, "आई, ६०० च आहे!" दुकानदारानं खोटा माल दिला नाही, एवढं तरी कळलं.

असे अकरा झाले. बारावा १९.

परत ठेवला, परत १९. वजन काढून कंपाउंडवाले दादा म्हणाले तसं कानाशी धरून वाकवला. वाळल्या पानावर पाय पडावा तसा आवाज. उन्हात नेऊन बघितलं तर मधल्या भागात केसाएवढी रेघ, नखाला लागते. हा बाण ती परवापर्यंत मारत होती. मी तिथल्या तिथं पायाखाली धरून त्याचे दोन तुकडे केले. हात कापत होते, खोटं कशाला सांगू.

शेजारच्या सोनाराकडं उरलेले अकरा वजन करून आणले. सगळे १९.६ ग्रॅमच्या आसपास, फरक एका दशांशाच्या आत. सोनार म्हणाला, "ग्रेन म्हणजे आमच्या गुंजेसारखंच की." खरं का हो? ८० ग्रेन म्हणजे धान्याचे दाणे समजायचे?

आणि कुंकू. बटणाच्या टोकावर लालभडक आणि त्याच्या मागं रायझरवर बोटभर पट्टा. सासूबाईंनी विचारलं धनुष्याची पूजा केली का, म्हटलं हो.

आता सांगा, घ्यायचे कुठले? आणि या अकरांचं काय करू?

तिरकमठा

ताई, खिळे ठोकून स्पाइन काढणारी पालक मी पहिल्यांदा बघतोय. बारावा बाण सापडला, एवढ्यावरच सगळी खटपट वसूल झाली.

ग्रेन म्हणजे दाणाच, मूळचा जवाचा. एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमचा ८० चा पॉइंट सव्वापाच ग्रॅमचा. गुंज त्याच्या जवळजवळ दुप्पट. सोनाराला सांगा, आमचे दाणे बारीक.

साडेवीस पाउंड, साडेपंचवीस ड्रॉ. वाढतं वय आहे, क्लिकर, म्हणजे पुरेसं ओढलं की टिक् वाजणारी पट्टी, अजून लावला नसेल, तर बाण तिच्या ड्रॉपेक्षा दोन इंच लांब ठेवा. साडेसत्तावीस. ओढताना पॉइंट रेस्टवरून मागं येऊन हातावर पडता कामा नये, म्हणून ही जागा सोडायची. एवढ्या लांबीला १००० च्या आसपासचा बाण लागेल. कंपन्यांचे चार्ट थोडे इकडंतिकडं सांगतात, म्हणून ज्या कंपनीचा बाण घ्याल तिचाच चार्ट बघा आणि त्यात "२४" नाही, "साडेवीस" शोधा. कार्बनच पाहिजे असं नाही. ॲल्युमिनियम स्वस्त पडतो, आणि खराब झाला की डोळ्यांना दिसतो. त्यात आकडा वेगळा लिहितात: १७१६ म्हणजे जाडी इंचाचे १७ चौसष्टांश आणि पत्र्याची जाडी इंचाचे १६ हजारांश. त्याचं स्पाइन ८८० च्या घरात. १६१६ त्याहून मऊ, तुमच्यासाठी तो जवळचा.

डझन घेऊ नका, सहा-आठ बास. सहा महिन्यांत ती दोन इंच वाढली किंवा लिम्ब्स बदलली तर हे गणित पुन्हा मांडायचंय. नवे घेण्याआधी अकॅडमीत कुणाचे १००० चे दोन बाण मागून बघा. त्यातल्या एकाच्या पिसांवर चिकटपट्टी नको, सरळ पिसं सोललेला बाण द्या म्हणावं. आधी पिसांचा बाण तीनदा मारायचा, मग बिनपिसांचा. बिनपिसांचा डावीकडं पडला तर बाण कडक, उजवीकडं तर मऊ. खाली पडला तर दोरीवरची नॉकची जागा उंच झालीय, वर पडला तर खाली. पण पोरीचे पिसांचे बाण एका ताटात पडत असतील तरच ही परीक्षा घ्या, आणि १०-१२ मीटरवरच. हात स्थिर नसेल तर बिनपिसांचा बाण धनुष्याबद्दल नाही, बोटांबद्दल सांगतो. थोडासा फरक उरला तर बटणाची स्प्रिंग आहे: बाण कडक वाटला तर सैल करायची, मऊ वाटला तर घट्ट. ६०० आणि १००० मधली दरी मात्र स्प्रिंगनं भरत नाही, जड पॉइंट लावूनही नाही.

अकरा बाण गुंडाळून माळ्यावर ठेवा. विकू नका आणि कापू नका. पाउंडेज तिसाच्या वर सरकलं की तेच उपयोगी येतील, लांबी तेव्हा ठरवू. दुकानदार अगदीच चुकला नाही, फक्त तीन वर्षं आधी विकले. आणि स्पर्धेत जुने-नवे मिसळून नेऊ नका. एका फेरीतले सगळे बाण एकसारखे लागतात, पिसं, नॉक, रंगासकट, आणि प्रत्येकावर नाव किंवा आद्याक्षरं.

घाटावरचा_बंड्या

आकडा उलटा असतो हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझेपण तपासतो. गप्प बसतो.

गिरणीवाली_फलटण

तीन आठवड्यांनी लिहितेय, दळणाचा हंगाम होता.

अकॅडमीतल्या एका पोराचे १००० चे दोन बाण मागून आणले होते. १२ मीटरवर बिनपिसांचा ६०० वाला पिसांच्या बाणांपासून दीड वीत डावीकडं पडला, तोही शेपूट तिरकी करून. १००० चा चार बोटं डावीकडं. बटण अर्धा फेरा सैल केलं, दोन बोटं. तिथं थांबलो. सरांनी आल्यावर बघितलं आणि म्हणाले, आता हात लावू नका.

१००० चे आठ घेतले, दुकानातूनच चकतीवर साडेसत्तावीसला कापून. दुकान तेच. कागदावर तिचं माप, पाउंड आणि लांबी लिहून नेली होती. दुकानदारानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "कुणी काढून दिलं?" म्हटलं, गिरणीत.

"टक्" गेलं. साइट परत मधे आली. पहिल्या दिवशी तिनं सहाही बाण लाल-पिवळ्यात मारले आणि मग बराच वेळ बटरेसपाशी जाऊन नुसती बघत उभी राहिली, उपसेचना.

मामानं करवत आणलीच होती. त्याच करवतीनं त्यानं सागवानाची एक फळी कापली, दोन खाचा पाडल्या, मधे पट्टी ठोकली आणि मागच्या खोलीतले माझे खिळे उपटून टाकले. आता ते स्टँड गिरणीच्या काउंटरवर असतं. काल चार पोरं दळणाचे डबे न आणता नुसते बाण घेऊन आली होती, आणि मी १०० चं वजन सकाळपासून शोधतेय.